बाईंचा पॉज

बाई कुजबुजल्या तरी कुंपणाअलीकडे आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पुण्याहून हॉलंडमध्ये न्यूनेनला राहायला आलो तेव्हा वाटलं, शेजारची म्हातारी कुणाशी तरी भांडतेय. कसलं भांडण! ऐंशी वर्षांची ही इंग्रज बाई गुलाबांना पाणी घालताना संवाद म्हणत होती. एवढ्या मोठ्या नटीला 'बाई'च म्हणायचं, दुसरं काय म्हणणार?

बाईंनी लंडनची रंगभूमी चाळीस वर्षं गाजवली होती. एकोणिसाव्या वर्षी आजारी नटीच्या जागी ऐन वेळी उभ्या राहिल्या, आणि ती राणीची भूमिका कायमची त्यांची झाली. पुढे डच नवऱ्यामागून इकडे आल्या. तो गेला, बाई राहिल्या. कौतुक केलं की म्हणायच्या, "टाळ्यांचं काय सांगतेस? शेवटच्या रांगेतला माणूस खोकला नाही, म्हणजे नाटक चाललं."

कोरोना आला. नवरा वरच्या खोलीत मीटिंगांत, आणि मी कुंपणाशी खुर्ची टाकून बाईंची प्रॉम्प्टर. त्यांना विसरायला होत होतं. आज वार कोणता, जेवलो की नाही, याचं त्यांना सोयरसुतक नव्हतं. राणीचं निरोपाचं भाषण एकदा न अडखळता पुरं व्हावं, एवढाच ध्यास. "ते गेलं की मीही गेले," म्हणायच्या.

पहिल्याच दिवशी त्या थांबल्या आणि मी शहाणी, पटकन पुढचं वाक्य दिलं. काय भडकल्या! "तो माझा पॉज होता! मी मागेन तेव्हाच सांगायचं. तोवर तोंड मिटून बस." पुण्याची असूनही मी निमूट ऐकून घेतलं. पुन्हा कधी मध्ये तोंड घातलं नाही.

हिवाळ्यात त्यांना वृद्धाश्रमात हलवलं. आत सोडत नव्हते. खिडकीबाहेर उभं राहून फोनवर बोलायचं. नर्सने फोन बाईंच्या कानाशी धरला. त्यांनी मला ओळखलं की नाही, कोण जाणे, पण भाषण सुरू केलं. आवाज तोच, खणखणीत. चार ओळी उरल्या असताना बाई थांबल्या. माझ्याकडे बघत राहिल्या. मीही बघत राहिले. काय सुरेख पॉज घेतलाय, असंच मनात आलं हो माझ्या! मग वेळ संपली. नर्सने खुर्ची वळवून त्यांना आत नेलं.

पंधरा दिवसांनी बाई गेल्या. अंत्यविधी लॅपटॉपवर पाहिला. रडू आलं नाही, काहीच आलं नाही. नवरा म्हणाला, "अगं, रड तरी." मी पोळ्या लाटायला घेतल्या.

दुसऱ्या दिवशी त्या नर्सचा फोन आला. सांत्वन करून झाल्यावर म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही गेल्यावर संध्याकाळपर्यंत मला विचारत होत्या, पुढे काय? मला कुठून माहीत असणार?"

मला माहीत होतं. चारही ओळी पाठ होत्या.