पासपोर्टचा चोरखिसा

घाटकोपरच्या आमच्या गल्लीत शिलाई मशीन लावून बसणाऱ्या त्या काकांचं नाव मी कधी विचारलंच नाही. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी, आणि परदेशात नोकरी लागलेलाही पहिलाच! त्या देशात लढाई चालू होती, पण मी हवेत होतो.

काकांनी पॅन्टला आतून पासपोर्टपुरता खिसा शिवला, दोरा दातांनी तोडला आणि मला ती घालायला लावली.

"मी होतो तिकडे. सायरन वाजला की सामानासाठी खोलीत परत जायचं नाय. पासपोर्ट अंगावरच पायजे. आता पळून दाखव."

"इथे? लोक हसतील, काका!"

"हसू दे. पळ!"

गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन मी हसत, धापा टाकत परत आलो. काकांनी खिसा चाचपला.

"शिलाई पक्की आहे," ते म्हणाले. "पण तू फार हळू पळतोस रे."