ठमाबाईचा जास्त साखरेचा चहा

पेण आणि रोह्याच्या मधे, हमरस्त्याला लागून ट्रस्टचा एक दवाखाना होता. त्यात डॉक्टर तीन, नर्सबाई सात, आणि ‘तुमचा माणूस गेला’ असं घरच्यांना सांगणारी एकच. ती म्हणजे गडबची ठमाबाई. कागदावर तिचा हुद्दा आया. झाडलोट करायची, चादरी बदलायच्या, बेडपॅन उचलायचं. मरणाची बातमी सांगणं कुठल्याच कागदात नव्हतं. ते आपोआप तिच्या गळ्यात पडलं.

मोठे डॉक्टर टिपणीस हुशार माणूस. रस्त्यावरच्या अपघातात चेंदामेंदा झालेला पाय असा सांधत, की माणूस पुन्हा शिमग्यात नाचायचा. पण रोग्यानं मान टाकली रे टाकली, की साहेबांना हटकून काहीतरी आठवायचं. कधी पनवेलला फोन करायचा राहिलेला असायचा, कधी गाडीचं चाक बघायचं असायचं. मागच्या दारानं निघता निघता म्हणायचे, “ठमाबाई, तेवढं बाहेर जरा बघा हं.”

या ‘जरा बघा’त अकरा वर्षं गेली.

तिची एक रीत होती. निरोप उपाशी पोटी द्यायचा नाही. तिचा नवरा विठू मिठागरावर साप चावून गेला, तेव्हा निरोप्यानं लांब बांधावरूनच हाळी घातली होती, “ठमे, तुझा विठू मेला गो!” सोमवारचा उपास, डोक्यावर मिठाची पाटी. बाई उभ्याची आडवी झाली ती खाऱ्या पाण्यातच. शुद्धीवर आली तोवर विठूला पुरुषांनी उचलून नेलंही होतं. तेव्हापासून तिनं गाठ मारली, की सांगायचं तर बसवून, आणि पोटात काहीतरी गेल्यावर.

म्हणून ती आधी फाटकाबाहेर हिरामणच्या टपरीवर जायची. तोंडानं बातमी बोलायची नाही. माणसं असतील तितकी बोटं दाखवायची आणि म्हणायची, “साखर जास्त.” हिरामण हात लांबवून आधी रेडिओ बंद करायचा, मग स्टो पेटवायचा. ती ग्लास घेऊन नातेवाइकांपाशी बसायची. “आधी घोटभर घ्या.” मग घरी कोण कोण आहे, थोरला कोण, म्हातारीजवळ आत्ता कोण बसलंय, असं विचारायची. ग्लास रिकामा झाला, की हात हातात घेऊन सरळ सांगायची, “गेला, बाय. वाचला नाय.” ‘सिरियस आहे’ नाही, ‘प्रयत्न चालू आहेत’ नाही. मग समोरची छाती पिटायची ती ठमाबाईचीच.

हळूहळू गडबपासून कोलाडपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक झालं. लग्नात तिला मान मिळायचा, ओटी मिळायची, पुढची खुर्चीसुद्धा मिळायची. फक्त चहाच्या ट्रेजवळ कोणी फिरकू द्यायचं नाही. “मावशे, तू बस गो, तू नको उठू,” म्हणत चार जणी धावायच्या.

आणि तिला स्वतःला चहा जायचा बंद झाला होता. ग्लास ओठाला लावला, की कोणाचं ना कोणाचं तोंड समोर यायचं. दिवसभर ती पाण्यावर असायची.

रिटायर व्हायला दोन वर्षं उरली होती. तेवढी तरी बाळंतपणाच्या वॉर्डात काढावी, चार बऱ्या बातम्या आपल्या तोंडून जाव्यात, एवढंच तिचं मागणं होतं. तीनदा अर्ज दिला. तिन्ही वेळा टिपणीससाहेबांनी चष्मा काढून तिचं कौतुक केलं.

“ठमाबाई, अहो तुमच्यासारखं कोणाला जमतं? ही देवाची देणगी आहे.”

बैलाच्या गळ्यात घुंगरू बांधलं, की नांगर हलका होतो असं ज्यांना वाटतं, त्यांतलेच साहेब.

“पण साहेब, आताशा मना सोसत नाय.”

“सोसत नाही म्हणता, मग तसं कुठं कागदावर आहे का? कागदाशिवाय ट्रस्टला मी काय दाखवू?”

शहाण्णव सालच्या हिवाळ्यात तो कागद आपल्या पायांनी चालत आला. रोह्याची मृणाली मुंबईला मानसशास्त्रात एम. ए. करत होती. तिला प्रबंध लिहायचा होता, ‘इतरांचे आघात हाताळणाऱ्या मदतनीस व्यावसायिकांचे मानसिक आरोग्य’. नाव एवढं लांब, की एका दमात म्हणताना तिचंच आरोग्य बिघडायचं. चाळीस प्रश्नांचा फॉर्म होता आणि प्रत्येक प्रश्नापुढे चौकोन होते : कधीच नाही, क्वचित, बऱ्याचदा, नेहमी.

डॉक्टरांनी ते असे भराभर भरले, की परीक्षेत कॉपी मिळाल्यासारखे. ठमाबाई फडकं मारता मारता बघत होती. सगळ्यांचं झालं तरी तिच्याकडे फॉर्म येईना.

“पोरी, माझा कागुद?”

मृणाली ओशाळली. “मावशी, यात फक्त डिग्रीवाले आणि नर्स घ्यायचेत. आमच्या सरांनी तसं ठरवून दिलंय.”

“म्हंजे जीव घाबरा व्हायला पन डिग्री लागते?”

मृणाली हसली, पण ते हसू फार टिकलं नाही. कारण तेवढ्यात बाहेर जीप थांबली. कोलाडजवळ टेम्पो उलटला होता. चालक आत नेईपर्यंतच संपला. मागोमाग त्याची बायको आणि भाऊ आले. मृणाली टिपणीससाहेबांकडे बघत राहिली, कारण दहाच मिनिटांपूर्वी साहेबांनी तिच्यासमोर एका चौकोनात ठसठशीत खूण केली होती. आता साहेब मागच्या दारानं चालले होते. “गाडीचं चाक जरा...” एवढंच ऐकू आलं.

मग फाटकाशी दोन बोटं वर झाली. रेडिओ बंद झाला.

तासाभरानं मृणाली मागच्या पायरीवर फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बसली होती. ठमाबाई नळावर पदर धुवत होती. टेम्पोवाल्याच्या बायकोनं तो गच्च धरला होता.

“सगळं खोटं आहे, मावशी. फाडून टाकते हे.”

“थांब गो. फाडायच्या आधी वाच तरी. काय लिवलंय सायबानं?”

“‘मृत्यूची बातमी नातेवाइकांना तुम्ही स्वतः देता का?’ पुढे खूण आहे, ‘नेहमी’.”

“बाकीचे दोन?”

“नेहमी. तिघांचंही तेच. ‘त्यानंतर झोप उडते का?’ कधीच नाही.”

ठमाबाईनं पदर पिळला. तशीच पायरीवर बसली आणि हसू लागली, दम लागेपर्यंत हसली.

“सही हाय खाली?”

“हो. तिघांची.”

“मंग फाडू नको. शेठ येतील तवा हेच वाच. कानामात्रा बदलू नको.”

ट्रस्टचे शेठ वर्षातून एकदा येत. खुर्च्या मांडल्या, भाषणं झाली. मृणालीनं उभं राहून वाचलं, “या रुग्णालयातील शंभर टक्के डॉक्टर मृत्यूची बातमी नेहमी स्वतः देतात आणि त्यांच्या मनावर त्याचा काहीही परिणाम आढळत नाही.” शेठ खूश झाले. म्हणाले, “वा टिपणीस! पोलादी माणसं आहात.” टिपणीससाहेबांनी मान खाली घातली. लोकांना वाटलं, विनय.

ठमाबाई बिस्किटांची बशी घेऊन पुढे झाली. बशीखाली अर्ज.

“शेठ, मना बालंतपनाच्या वॉर्डात टाका. हितं माझं काम नाय.”

“अहो, पण ठमाबाई...” साहेब अर्धे उठले.

“काय पण?” शेठनी विचारलं.

साहेबांनी मृणालीच्या हातातल्या कागदांकडे पाहिलं. खाली त्यांचीच सही होती, वळणदार, दोन रेघा मारलेली.

“काही नाही,” ते म्हणाले आणि बसले.

शेठनी तिथंच सही केली.

आठ दिवसांनी अपघात आलाच, आणि पोरगा वाचला नाही. गाडीचं चाक ठीक होतं, पनवेलचा फोन बंद होता, आणि मागच्या दाराशी नेमकी ठमाबाई बाळाची दुपटी वाळत घालत होती. साहेब बाहेर आले. एक हात दारावर ठेवून त्यांनी सगळं इंग्रजीत सांगितलं. म्हातारा बाप हात जोडून विचारत राहिला, “म्हंजे बरा होईल ना, साहेब?” तीनदा विचारलं त्यानं. तिसऱ्यांदा साहेबांचा हात दारावरून सुटला. ते फाटकापर्यंत गेले. हिरामणनं त्यांचं वर झालेलं एक बोट पाहिलं आणि रेडिओ बंद केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मृणालीकडे कोरा फॉर्म मागितला. चौकोन तसेच सोडून त्यांनी मागची अख्खी कोरी बाजू भरली. मृणालीचे सर चिडले म्हणतात. त्यांचे छान जुळलेले शंभर टक्के बिघडले.

आणि ठमाबाई? तिची पहिली बरी बातमी कासू गावच्या कान्हूला जायची होती. पोरगा रोह्याच्या कंपनीत होता, रात्रपाळी करून तसाच आलेला, तोंड सुकलेलं. मुलगी झाली होती, टणटणीत. ठमाबाई पदर सावरून बाहेर आली, त्याचं तोंड पाहिलं, आणि अकरा वर्षांची सवय, पाय आपोआप टपरीकडे वळले. एक बोट वर गेलं.

हिरामणनं बिचाऱ्यानं रेडिओ बंद केला.

“आधी घोटभर घे, पोरा,” तिनं ग्लास पुढे धरला.

कान्हूनं ग्लासाकडे पाहिलं, ठमाबाईकडे पाहिलं, आणि असा टाहो फोडला, की समोरून जाणारी एस.टी. थांबली. जमिनीवर लोळण घेतली. “माझी नम्रता गेली ओ!”

“अरे मुडद्या, जिती हाय ती! पोर झाली तुला! दोगी बऱ्या हायत!”

“मंग चा कशाला आनलास?”

कान्हू उठला, धूळ न झटकता आत पळाला. आतून बायकोचा आवाज आला, “भोकाड कशाला पसरलंस रं, बालंतीन मी का तू?”

ठमाबाई ग्लास धरून तशीच उभी होती. परत न्यावा, तर हिरामण चिडवणार. ओतावा, तर जीव होईना. ती पायरीवर बसली. ग्लास ओठाला लावला, जरा थांबली, समोर नीट पाहिलं. मघाचा धुळीत लोळणारा कान्हूच दिसला. दुसरं कोणी नाही.

“हिरामण,” तिनं ओरडून सांगितलं, “रेडिओ लाव रे! आनि साखर फार घालतोस तू मेल्या.”