रावजी नानांची सुई

संध्याने भावी सासऱ्यांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते तिच्याकडे बघतच नव्हते. सिन्नरला मुलगी बघायला आलेले रावजी नाना डोळ्याला भिंग लावून पानाच्या ताटातला अडकित्ता बघत होते. "याला धार म्हणायची?" असं म्हणत त्यांनी खिशातून चपटा दगड काढला आणि तासाभरात अडकित्ता, विळी, दोन कात्र्या आणि संध्याच्या आजोबांचा गंजलेला वस्तरा पाजळून ठेवला. मुलीला एक प्रश्न विचारला नाही. संध्याची मावशी आजही शपथेवर सांगते, की त्या संध्याकाळी विळी नुसती उघडली तर टोपलीतले टोमॅटो घाबरून आपणहून दोन झाले.

नाना ओझरच्या विमान कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूमला होते. हत्यार बोथट झालं की घासून पुन्हा कामाला लावायचं, टाकायचं नाही, हा त्यांचा धर्म. निवृत्त होऊन पंचवटीतल्या फ्लॅटमध्ये आले तेव्हा हा धर्म पाळायला घरात फारसं काही उरलं नव्हतं. मग डॉक्टरांनी रोज सकाळी शुगर तपासायला सांगितली आणि नानांच्या हाती सुई लागली.

पाडव्याला बोट टोचायच्या पेनात घातलेली ती सुई दसरा उलटला तरी तीच होती. दर रविवारी नाना ती दगडावर तीनदा ओढत, भिंगातून बघत, स्पिरिटने पुसत आणि परत बसवत.

"नाना, दुकानदार म्हणाला, दर वेळी नवी सुई घ्यायची," संध्या सांगायची. "आणि एकाची दुसऱ्याला तर कधीच लावायची नाही."

"त्या दुकानदाराने जन्मात कानस धरलीय का हातात? आम्ही विमानाचे पार्ट कापणारं कटर दहा दहा वेळा घासायचो. ही तर टाचणी!"

नानांचं झालं की तीच सुई पुसून संध्याच्या सासूबाईंच्या, वत्सलाबाईंच्या बोटाला लागायची. त्यांची साखर नुकतीच काठावर आली होती.

"अगं आई गं! सुई टोचताय का खिळा ठोकताय?" त्या ओरडायच्या.

"तुझं बोट नाजूक, त्याला मी काय करू? हे बघ." नाना पेन स्वतःच्या बोटाला लावून खटका दाबायचे. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलायची नाही. "दुखलं? नाही. म्हणजे धार आहे."

संध्या कितीतरी महिने या प्रयोगाला हसत आली. मग एका सकाळी तिने गाळलेला उकळता चहा स्टीलच्या पेल्यात ओतला. तिला तो पदराशिवाय उचलवेना. नाना मात्र तो पेला डाव्या मुठीत घट्ट धरून तिला सुईचं टोक किती अंशात घासावं ते समजावत बसले.

"नाना, चटका नाही बसत?"

"कसला चटका?"

संध्याने पदराने तो पेला त्यांच्या मुठीतून काढून घेतला. सुईची धार केव्हाच गेली होती, म्हणून तर सासूबाई ओरडत होत्या. नानांना दुखत नव्हतं, कारण साखरेने त्यांच्या बोटांतली जाणीवच खाऊन टाकली होती.

त्याच दिवशी तिने सासूबाईंना नवं पेन आणलं, रोज नवी सुई ठरवली आणि एकाच सुईतून काही लागलं नाही ना म्हणून लॅबमध्ये नेऊन त्यांचं रक्तही तपासून आणलं. ते चांगलं निघालं. नानांपुढे मात्र तिचं काही चालेना. ती पेनात नवी सुई घालायची. नाना ती काढून जुनी बसवायचे.

डिसेंबरात त्यांच्या डाव्या हाताच्या मधल्या बोटावर ज्वारीच्या दाण्याएवढी लाली दिसली. चार दिवसांत तिचं बोर झालं.

"ठणकतं का हो?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"छे! मजेत आहे ते." नानांनी ते दाबूनही दाखवलं आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारचं बोट टोचायला घेतलं. संध्याचा नवरा ललित दवाखान्यात चला म्हणून मागे लागला, तर म्हणाले, "दुखायला तर लागू दे."

ते दुखलं नाही. नख जांभळं पडलं. मग एकदा ताट वाढताना संध्याला भाजीच्या वासात दुसराच कसलातरी वास आला. ती हातातली वाटी घेऊन तशीच उभी राहिली. रात्री नानांना हुडहुडी भरली, आणि सकाळी ललितने काही न विचारता त्यांना रिक्षात घातलं.

डॉक्टरांनी बोट दाबलं. "दुखतंय?"

"अजिबात नाही," नाना ऐटीत म्हणाले.

डॉक्टरांनी आणखी जोरात दाबलं. नाना विजयी मुद्रेने सुनेकडे बघत होते. डॉक्टरांनी बोट अलगद खाली ठेवलं आणि नानांऐवजी संध्याला विचारलं, "यांनी सकाळपासून काही खाल्लंय का?"

दुपारी चार वाजता त्या बोटाचं वरचं पेर काढलं.