व्याह्यांनी जिंकलेला डाव

आमच्या व्याह्यांइतकं वाईट बुद्धिबळ खेळणारा माणूस चेंबूरपासून मुलुंडपर्यंत शोधून सापडणार नाही, आणि सापडलाच तर तो त्यांच्याकडूनच शिकलेला असेल. हे मी मुलीचा बाप असूनही लिहितो आहे. मुलीच्या बापानं मुलीच्या सासऱ्याबद्दल काय काय बोलू नये याची मोठी यादी आहे आणि ती सगळी आमच्या बायकोला पाठ आहे. पण खेळ तो खेळ. मी बँकेत बत्तीस वर्षं नोकरी केली आणि शाखांच्या आपसातल्या स्पर्धांत बुद्धिबळाचे तीन करंडक मिळवले. ते अजून शोकेसमध्ये आहेत. लग्नाची बोलणी करायला हे गृहस्थ आमच्याकडे आले तेव्हा हॉल, जेवण, मानपान सगळं राहिलं बाजूला आणि त्यांची नजर त्या करंडकांवर गेली. "बुद्धिबळ? वा. मीपण खेळतो थोडं," असं म्हणाले. ते 'थोडं' मला त्या दिवशी विनय वाटला. पुढे कळलं की ती वस्तुस्थिती होती.

लग्नाला आता सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत व्याही जवळजवळ दर रविवारी दोन बस बदलून चेंबूरहून मुलुंडला आमच्याकडे आले आहेत. दहाच्या ठोक्याला बेल वाजते. ते महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले. जन्मभर रस्त्यातले व्हॉल्व्ह हळूहळू फिरवल्यामुळे की काय, कुठलीही गोष्ट एकदम म्हणून करायची नाही, असा त्यांचा स्वभाव झाला आहे. पहिल्या दोन खेळ्यांत ते दोन्ही कडांची प्यादी एकेक घर पुढे सरकवतात. का, म्हणून विचारलं तर म्हणाले, "हत्तीला जरा हवा लागू दे हो." मग घोडे बाहेर काढतात आणि घाबरून पुन्हा आत घेतात. मोहऱ्यांशी ते मालवणीत बोलतात. माणसांशी एरवी छापील मराठी बोलणारा हा गृहस्थ घोडा हातात धरून "खंय चललंस? हयसर बस गप," असं त्याला दटावतो, होता तिथे परत ठेवतो आणि उंट हलवतो. माझा मोहरा मारायची वेळ आली की आधी "घेऊ ना?" म्हणून परवानगी मागतात, आणि मारल्यावर तो शर्टाला पुसून माझ्या बाजूला ठेवतात. एका प्याद्यापायी वीस वीस मिनिटं विचार करतात. एकदा तेवढ्या वेळात मी खाली जाऊन मेथीच्या दोन जुड्या घेऊन आलो. दार उघडल्याचा आवाज ऐकून मान वर न करता म्हणाले, "अजून बघतोय."

पहिल्याच रविवारी मी त्यांच्यावर चौदा खेळ्यांत मात केली. ते गेल्यावर बायकोनं मला स्वयंपाकघरात बोलावून घेतलं.

"अहो, आपली मुलगी त्यांच्या घरात नांदतेय. चौदा खेळ्यांत कसली मात करता?"

"मग काय करू, हरू?"

"हरा की. तुमचं काय जातं?"

मुलीच्या बापाला मान तुकवावी लागते हे मला ठाऊक होतं, पण ती पटावरही तुकवायची असते हे नवीन होतं. तेव्हापासून दोन डाव जिंकायचे आणि तिसरा हरायचा असा रतीब मी घातला. त्यातही सुख नाही, कारण या माणसाशी हरणं हे कोणाशीही जिंकण्यापेक्षा अवघड. एकदा मी माझा वजीर सरळ त्यांच्या प्याद्याच्या तोंडी नेऊन ठेवला. त्यांनी पटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वजीर उचलला आणि माझ्या हातात दिला. "व्याही, चुकून ठेवलात. परत घ्या." मी म्हटलं, ठेवला तो ठेवला, मारा. तर म्हणे, "छे, छे, असं मारण्यात काय अर्थ आहे?" आणि तिसरंच कुठलं तरी प्यादं ढकलून मोकळे झाले. शेवटी डोकं दुखतंय, डाव तुमचाच, असं सांगून मला सुटका करून घ्यावी लागली. अशा जिंकलेल्या डावांनंतर त्यांचा चेहरा कधी फुललेला दिसला नाही. हे माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण खेळताना मी त्यांच्याकडे बघतच नसे. बघण्यासारखं तिकडे काही आहे असं मला वाटत नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका मंडळानं ज्येष्ठ नागरिकांसाठी बुद्धिबळाची स्पर्धा ठेवली. मी नाव दिलं, अर्थातच. शोकेसमध्ये चौथ्या करंडकापुरती जागा होती. व्याह्यांनीही नाव दिलं आहे असं कळल्यावर मात्र मी चहाचा कप खाली ठेवून हसलो. ते आले ते कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. पहिल्या फेरीत त्यांचा प्रतिस्पर्धी आलाच नाही. दुसऱ्या फेरीतला आला, पण व्याह्यांच्या खेळीची वाट बघता बघता त्याला डुलकी लागली आणि जाग आली तेव्हा त्याचाच वेळ संपला होता. अशा पराक्रमावर ते तिसऱ्या फेरीत पोचले, आणि समोर मी. निघताना बायकोनं बजावलं होतं, "व्याही समोर आले तर सांभाळून घ्या." मी तोंडानं हो म्हटलं होतं आणि मनात नाही.

व्याही बसले. चष्मा पुसला. मग पुढे वाकून, शेजारच्या पटावर ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "व्याही, एक मागू?"

"मागा की."

"आज सोडू नका. आज खरं खेळा. मला येतं की नाही, ते एकदा कळू दे."

"सोडतो कुठे मी?" असं मी हसत म्हणालो. त्यांनी आपली प्यादी एकेक करून घराच्या मधोमध नीट लावली. म्हणजे सहा वर्षं या माणसाला सगळं कळत होतं. त्या क्षणी मला लाज वाटायला हवी होती, पण मला राग आला. खरं हवंय ना, म्हटलं, घ्या खरं.

मी तुटून पडलो. पंधराव्या खेळीला त्यांचा एक हत्ती माझ्या खिशात होता आणि त्यांच्या राजाच्या दारात माझे दोन उंट बसले होते. प्रत्येक खेळीनंतर घड्याळाच्या बटणावर मी जरा जोरातच हात मारत होतो. ते आपले घोड्यानं शह देत होते, बुडणारा काडीला धरतो तसे. मी कंटाळून राजा कोपऱ्यात सरकवला. मग ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बराच वेळ बसले, आणि त्यांनी वजीर उचलून थेट माझ्या राजाच्या शेजारच्या घरात ठेवला. शह. माझाही वजीर मारायला ज्याचा हात धजला नाही, त्यानं स्वतःचा वजीर मरायला ठेवला होता. असं माझ्या हातून झालं असतं तर त्यांनी मला तो परत दिला असता. मी दिला नाही. 'गेला म्हातारा' असं मनात म्हणून मी हत्तीनं झडप घातली. राजाला तो वजीर मारता येत नव्हता, कारण मागे घोड्याचा जोर होता. हत्तीनंच मारावा लागणार होता. हे मला मारून झाल्यावर दिसलं. व्याह्यांनी घोडा उचलला. या खेपेला ते त्याच्याशी काही बोलले नाहीत. घोडा उडी मारून बसला आणि माझा राजा माझ्याच हत्तीच्या आणि प्याद्यांच्या गर्दीत गुदमरून मेला. ही मात पुस्तकांत पहिल्या दहा पानांत असते. बँकेतल्या किती तरी लोकांना मी ती शिकवली आहे.

"मात आहे वाटतं," व्याही म्हणाले. "तुम्ही जरा नीट बघा हं."

मी नीट बघितलं. मात होती.

तेवढ्यात मंडळाचे चिटणीस निकाल लिहून घ्यायला आले. त्यांनी पट पाहिला आणि मला डोळा मिचकावला. "दिलात वाटतं डाव? मुलीचा बाप म्हटल्यावर द्यावाच लागतो." आजूबाजूचे चार म्हातारे हसले. मला एवढंच म्हणायचं होतं, 'नाही हो, हरलो.' तीन शब्दांचं काम. पण मी हसून म्हणालो, "चालायचंच."

व्याही मोहरे डब्यात भरत होते. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी उरलेले मोहरे भरले, डब्याचं झाकण लावलं आणि पुढची फेरी न खेळताच, गुडघा दुखतोय असं सांगून चेंबूरला निघून गेले.

घरी माझं कौतुक झालं. "उशिरा का होईना, अक्कल आली," असं म्हणून बायकोनं शिरा केला. मुलीचा फोन आला. "थँक्यू बाबा. घरी कोणाशी काही बोलत नाहीयेत, पण त्यांना खूप बरं वाटलं असणार." शिरा मला गेला नाही. पुढचे दोन रविवार दहा वाजून गेले, बेल वाजली नाही. वर्तमानपत्रातलं शब्दकोडंही माझ्यानं सुटलं नाही.

तिसऱ्या रविवारी मी चेंबूरला गेलो. मुलगी आणि जावई बाहेर गेले होते, ते एक बरं झालं. व्याह्यांनी माझं नीट स्वागत केलं, पंखा लावला, पाणी दिलं. मी बसल्या बसल्याच सांगून टाकलं, "व्याही, त्या दिवशी मी डाव सोडला नव्हता. तुम्ही मला हरवलंत."

"असू दे हो."

"असू दे काय? आणा पट."

त्यांनी पुठ्ठ्याचा पट आणला. मी पहिल्या खेळीपासून डाव मांडून दाखवला. इथे मी तुमचा हत्ती घेतला, इथे तुम्ही घोड्यानं शह दिलात, इथे मला फक्त फुकटचा वजीर दिसला. ते लक्ष देऊन बघत होते.

"हे तुम्हाला दिसलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही दिसलं. तुमच्या बाजूला मी बघतच नव्हतो."

"व्याही, हे शाळेतल्या पोरालाही दिसेल. तुमच्या घरात तीन करंडक आहेत." ते हसले आणि त्यांनी माझ्या हातावर थोपटलं. मग आतल्या खोलीकडे वळून विहीणबाईंना म्हणाले, "अगं, चहा टाक. मला बरं वाटावं म्हणून एवढ्या उन्हातून आलेत. मोठ्या मनाचा माणूस."

आता ते पुन्हा दर रविवारी येतात. बायकोला न जुमानता मी आता प्रत्येक डाव खरा खेळतो. त्यांची एकेक खेळी मनापासून बघतो, आणि नेमकं त्यामुळेच त्यांना मला हरवता येत नाही. मी जिंकलो की स्पर्धेतला तो एक डाव त्यांच्या लेखी आणखी खोटा ठरतो; मुद्दाम हरलो तर काही बोलायलाच नको. पट मांडताना मी दर वेळी मनात म्हणतो की आज यांना काही तरी असं दिसू दे, जे मला दिसणार नाही. परवा मी बावीस खेळ्यांत जिंकलो. त्यांनी पट दोनदा नीट पाहिला, मान डोलावली आणि अगदी समाधानानं म्हणाले, "हां. हे खरं."