बकऱ्यांपासून राखलेली बाग

१९ जानेवारी २०२४ रोजी नवल चौधरी यांनी घराभोवतीच्या बागेवर ८,७४५ रुपये खर्च केले. स्वतःच्या खिशातून आणि फारशी घासाघीस न करता. ही बातमी चोपड्याला आमच्या पतसंस्थेत पोहोचली तेव्हा दोघांनी ती सरळ खोटी ठरवली.

नवलनाना आमचे वसुली अधिकारी होते. मी येणे बाकी लिहायचो, ते ती घेऊन यायचे. आवाज कधी चढवायचे नाहीत. कर्जदाराच्या ओट्यावर जाऊन बसायचे, दिलेला चहा प्यायचे, वेळ झाली तर जेवायचेही. हप्ता हातात पडेपर्यंत मात्र उठायचे नाहीत. निवृत्तीनंतर ते सातपुड्याच्या पायथ्याशी आपल्या गावी राहायला गेले. घर गावाच्या टोकाला, मागे गवताळ माळ आणि माळाला लागून जंगल.

मोहाची फुलं पडायच्या सुमारास तिकडे झाडाखालचा पाला जाळून जागा साफ करतात. बहुतेक आगी जागच्या जागी विझतात. आदल्या वर्षी एक विझली नाही. ती माळावरून नानांच्या गोठ्यापर्यंत आली. गोठा गेला. गाय वाचली, कारण कुंदाबाईंनी, म्हणजे नानांच्या पत्नीनं, धुरात शिरून तिचं दावं विळ्यानं कापलं. नाना त्या वेळी ग्रामपंचायतीत आगीचा लेखी अर्ज देत होते. अर्जाची पोच त्यांच्याकडे आहे.

त्यानंतर वारा सुटला की कुंदाबाई उठून खिडकीशी जायच्या आणि धुराचा वास येतो का पाहायच्या. नवऱ्याला त्यांनी एकदाच सांगितलं, “आता आग आवाराच्या आत आली, तर मी पाचोऱ्याला लेकीकडे जाईन. न्यायला येऊ नका. तुमची वसुली माझ्यावर चालायची नाही.”

नानांनी हे गंभीरपणे घेतलं. कमी पाण्यात जगणारी आणि चटकन पेट न घेणारी झाडं कोणती, याचा त्यांनी महिनाभर अभ्यास केला. मोबाइलवर व्हिडिओ पाहिले, कृषी कार्यालयात जाऊन साहेबांची वाट पाहिली. निष्कर्ष बरोबर निघाला. कोरफड, घायपात आणि निवडुंग लावावेत, कारण त्यांच्या अंगात पाणी असतं. तेलकट, सुकून काटकी होणारं काही घराजवळ नको. मोरपंखी तर नकोच.

मग त्यांनी चार जणांचा सल्ला घेतला आणि निष्कर्षाला गळती लागली. वास्तूवाल्यानं सांगितलं की दारात काटेरी झाड असलं की नवरा-बायकोत भांडणं होतात. निवडुंग आणि घायपात गेले. व्याह्यांनी विचारलं, साहेब म्हणून निवृत्त झालेल्या माणसाच्या दारात कोरफड शोभेल का? कोरफड मागे मोरीजवळ गेली. शेवटी शिरपूरला नर्सरी असलेला पुतण्या स्वप्नील आला. एका मंगल कार्यालयानं ऐन वेळी नको म्हटलेल्या मोरपंखी त्याच्याकडे पडून होत्या. काकांसाठी भाव कमी केला. फाटकापासून दारापर्यंत दोन्ही बाजूंना मोरपंखी उभ्या राहिल्या. नानांना विचारलं तर म्हणाले, हिरवं झाड पेटत नाही.

आता बागेला शत्रू एकच उरला, तो म्हणजे शेजारच्या उखर्डूच्या बकऱ्या. त्या मागच्या अंगाला घुसून गवत आणि पडलेला पाला खायच्या. नानांनी दोन बकऱ्या पकडल्या आणि गावच्या कोंडवाड्यात नेऊन घातल्या. जन्मभर लोकांचे ट्रॅक्टर ओढून आणलेल्या माणसाला हे जड नव्हतं. उखर्डूनं साठ रुपये भरून त्या सोडवल्या. पुढची खबरदारी म्हणून नानांनी बागेभोवती कंबरभर उंचीचं कुंपण घातलं. फुकट मिळाल्या म्हणून कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचं. आमच्याकडे चूल पेटवायला जे वापरतात, ते त्यांनी घराभोवती नीट रचून ठेवलं. बकऱ्यांनी मोरीमागचं कुंपण तिसऱ्या दिवशी पाडलं आणि तिथली जमीन आतबाहेर चरून भाकरीच्या तव्यासारखी साफ केली. कोरफडीला तोंड लावलं नाही.

मार्चअखेर आग आली. माळावरून थेट मोरीमागे पोहोचली, तिथं खायला काही नव्हतं म्हणून थांबली. मग तिला बाजूचं कुंपण सापडलं. पऱ्हाट्यांवरून ती घराला वळसा घालून फाटकाशी गेली आणि मोरपंखी एकामागून एक पेटल्या. दाराचा रंग फुगून आला. लोकांनी पाणी मारलं म्हणून चौकट राहिली.

सकाळी कुंदाबाई पिशवी भरून ओट्यावर बसल्या. नाना म्हणाले की तांत्रिकदृष्ट्या आग मागून आत आलेलीच नाही. त्यावर त्या म्हणाल्या, “तुम्ही लावलं ते जळलं. बकऱ्यांनी खाल्लं, तिथं घर वाचलं. दुपारच्या एसटीआधी उखर्डूच्या बकऱ्या अंगणात आणा. त्या राहतील तिथं मी राहीन.”

पुढचं कुंदाबाईंनीच मला सांगितलं. नाना उखर्डूच्या ओट्यावर जाऊन बसले. उखर्डूनं चहा दिला, हवापाण्याचं बोलला, मोरपंखी दिसायला छान होत्या असंही म्हणाला. नानांनी सगळ्या बकऱ्या मागितल्या.

“बकऱ्या बठ्ठ्या तयार शेतस, नाना,” उखर्डू अहिराणीत म्हणाला. “पहिले कोंडवाडाना पैसा द्या.”

नानांच्या खिशात पाचशेची नोट होती. ती मोडायला त्यांचं मन होईना. ते म्हणाले, “पुढच्या बाजाराला देतो.”

हे वाक्य त्यांनी नोकरीत किती ओट्यांवर ऐकलं असेल, त्याचा हिशेब माझ्याकडेही नाही. उखर्डू हसला आणि त्यानं बकऱ्या सोडल्या. कुंदाबाईंना तो अक्का म्हणतो.

“अक्कानासाठे लई जा. पैसा तुमनाकडे शे, हाई बठ्ठा गावले माहीत शे.”

एसटी गेली. कुंदाबाईंनी पिशवी आत ठेवली. आता उन्हाळाभर बकऱ्या नानांच्या आवारात चरतात, कुंपण काढून टाकलं आहे, आणि फाटकाच्या दोन्ही बाजूंना मोरीजवळची कोरफड आणून लावली आहे. व्याही आले की नाना ती औषधी असल्याचं सांगतात. त्यानंतर बरेच बाजार झाले. कोंडवाड्याचे साठ रुपये उखर्डूला अजून मिळालेले नाहीत.