आधीचं ताट

समजा, आज तुम्हाला घरात सगळ्यांच्या आधी जेवायचं आहे. त्यात काय एवढं, असं वाटेल. पण तुम्ही पन्नाशीला टेकलेली बाई आहात आणि चुलीपुढं बसला आहात. नवरा अजून गोठ्यातून आलेला नाही, मुलगा अंघोळीला गेलाय, सालगडी ओट्यावर येऊन टेकलाय, आणि ऐंशी वर्षांची सासू खांबाला पाठ लावून तुमच्याकडंच बघतेय. तव्यावरची पहिली भाकरी टम्म फुगली आहे. ती दुरडीत टाकायची नाही. आपल्या ताटात घ्यायची, मोडायची आणि घास तोंडात घालायचा. बघा, हात उचलतो का.

राणीसावरगावच्या मनकर्णाबाईचा पहिल्या दिवशी उचलला नव्हता.

मनकर्णाबाईच्या पोटावर बेंबीच्या वर एक गाठ होती. उभं राहिलं की लिंबाएवढी बाहेर यायची, आडवं झालं की आत जायची. शिंक आली, खोकला आला, कुणी काही बोलून हसवलं, की तिचा हात आपोआप पोटावर जायचा. कळशी उचलणं तिनं सोडलं होतं. खुरपायला बसलं की गाठ दुखायची, म्हणून शेतातही ती आता फक्त भाकरी घेऊन जायची. परभणीच्या डॉक्टरनं सांगितलं होतं, "बाई, आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर यायलंय. ऑपरेशननं बरं होईल. पण एवढ्या वजनावर टाके धरणार नाहीत. आधी दहा-बारा किलो उतरवून या. आणि एखाद दिवशी गाठ आत गेली नाही, तर वजनाबिजनाचं बघू नका, मिळेल त्या गाडीनं निघा."

हे सांगून पाच वर्षं झाली होती. या पाच वर्षांत मनकर्णाबाईनं काय केलं नाही? सोमवार होताच, त्याला गुरुवार जोडला. रात्रीची भाकरी सोडली. सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून प्याली. गंगाखेडच्या बाजारात जडीबुटीवाल्यानं दिलेली कडू पूड महिनाभर फाकली, तिनं नुसते जुलाब झाले. वजन दोन किलो उतरायचं आणि दिवाळीपर्यंत अडीच किलो चढायचं. शेजारची सरजाबाई म्हणायची, "मनकर्णे, तुझं वजन माहेरपणाला जायलंय गं. चार दिस ऱ्हातंय आन् साडीचोळी घेऊन वापस येतंय." मनकर्णाबाई हसायची, पोटाला हात लावून. पण आता तिला या सगळ्याचा कंटाळा आला होता. उपाशी राहायचा कंटाळा, आणि उपाशी राहून काही होत नाही हे लोकांना पटवायचा त्याहून जास्त. घरात कुणाला खरंच वाटत नव्हतं की ही बाई कमी खाते. खरं म्हणजे, तिला स्वतःलाही आता वाटेनासं झालं होतं.

त्या हिवाळ्यात तिच्या बहिणीची मुलगी हेमा चार दिवस मावशीकडं आली. हेमा परभणीला राहून गृहविज्ञान शिकत होती. आली तेव्हा चारच दिवस राहणार होती, पण विद्यापीठाच्या नामांतरावरून पुन्हा वातावरण तापलं, बंद पुकारला गेला, एसटी गंगाखेडच्या अलीकडं फिरकेना. हेमाला राहावं लागलं. हातात काम नाही, पुस्तकं परभणीला. मग ती चुलीपाशी बसून मावशीला बघत राहिली.

बंदच्या तिसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "मावशी, तू जेवतीस किती गं?"

"दीड भाकर. कालवन वाटीभर. कुनालाबी इचार."

"आन् कवा जेवतीस?"

"सगळ्यायचं झाल्यावर. बायका कवा जेवत्यात?"

"मग आता हे काय केलंस?"

मनकर्णाबाईच्या हातात बेसनाचं पातेलं होतं. भाकरीच्या तुकड्यानं ती ते कडेकडेनं निपटत होती. तिनं पातेल्याकडं पाहिलं, मग हेमाकडं. "हे व्हय? हे जेवन न्हाई बाई. भांडं निपटायलेय. आपल्या सालगड्यानं, भुजंगानं, आज एकच भाकर खाल्ली, त्याचं डोकं दुखायलंय म्हनं. त्याच्या वाटचं उरलं."

"काल सकाळी?"

"काल शिळी होती. सकाळच्याला चहात बुडवून खाल्ली. शिळी कुनाच्या ताटात वाढावी?"

"आन् परवा उद्धवदादाच्या ताटातला भात?"

"टाकावं का मग अन्न?"

 हेमा हुशार मुलगी होती. मावशी खोटं बोलत नाही, हे तिला कळलं होतं. मनकर्णाबाई जे ताटात घेऊन खायची तेवढंच तिच्या लेखी जेवण होतं. उभ्यानं, चुलीशी, भांड्यातून, दुसऱ्याच्या ताटातून जे पोटात जायचं ते घरकाम होतं, जसं शेण काढणं, जसं भांडी घासणं. उपास धरला की तिचं जेवण तेवढं बंद व्हायचं. काम चालूच राहायचं.

बस सुरू झाली त्या दिवशी हेमानं पिशवी भरता भरता सांगितलं, "मावशी, भाकरी सोडू नको, भात सोडू नको, गुरुवार बंद कर. एकच कर. सगळ्यांच्या आदी जेव. ताट वाढून घे, बसून जेव, पोटभर जेव आन् हात धू. एकदा हात धुतला की मग कायच न्हाई. भांड्यात काय बी उरू दे."

"आन् लोक काय म्हनतील?"

"लोक ऑपरेशन करनार हायेत का तुझं?"

मनकर्णाबाईनं घरात हे सांगितलं तेव्हा नवरा सूर्यभान लगेच म्हणाला, "जेव की. कोन न्हाई म्हनलंय?" त्याला त्यात अवघड काही दिसलं नाही. बायकोला जेवताना त्यानं कधी पाहिलंच नव्हतं, त्यामुळं ती आधी जेवली काय नि नंतर काय. सासूचं, तानुबाईचं तसं नव्हतं. तिनं सुपारी कातरता कातरता विचारलं, "बाई आदी जेवली तर मागच्याला पुरंल का न्हाई, हे कसं कळंल?"

"अंदाजानं, मामी."

"अंदाज मागं बसनाऱ्याला येतो," तानुबाई म्हणाली आणि तोंड फिरवून बसली.

पहिल्या दिवशी हात उचलला नाही म्हणून भाकरी शेवटी दुरडीत गेली. दुसऱ्या दिवशी सुनेनं, विमलनं, ताट वाढून पुढ्यात ठेवलं. "आत्या, जेवा बरं. भाकर निवायली." विमल दोन वर्षांपूर्वी उद्धवशी लग्न होऊन या घरात आली होती. बोलायला कमी, कामाला चपळ.

मनकर्णाबाईनं भाकरी मोडली. आतून वाफ आली आणि बोटं भाजली. गरम भाकरीचा पापुद्रा वेगळा निघतो, त्यावर मीठ-तेल टाकून खाल्लं की दुसरं काही नको, हे तिनं हजारदा नवऱ्याला वाढताना पाहिलं होतं. स्वतः कधी खाल्लं होतं ते आठवेना. बहुधा माहेरी. ती खाली मान घालून खात राहिली. आणि दीड भाकरीवर एक गंमत झाली. तिला पुढं नको वाटलं. तिनं घास हातात धरून थोडा वेळ वाट पाहिली, आपल्याला काही होतंय की काय म्हणून. मग लक्षात आलं, पोट भरलं होतं. इतकी वर्षं तिचं जेवण भांडं रिकामं झालं की संपायचं. पोट भरल्यावर कसं वाटतं, ते ती विसरून गेली होती.

तिनं हात धुतला. ओट्यावर सूर्यभान भुजंगाशी बोलत बसला होता, तो उठून आत आला आणि उगाचच खाकरला.

मग ते अंगवळणी पडलं. सहज नव्हे, ओढूनताणून. विहिरीवर सरजाबाई म्हणायची, "काय पाटलीनबाई, झालं का जेवन? आमची अजून चूलबी पेटली न्हाई." भांडं दिसलं की हात शिवशिवायचा. दुपारी डोकं दुखायचं. जेवून बाकीच्यांना वाढताना आपण काहीतरी चोरलंय असं वाटायचं. पण होळीपर्यंत चोळी सैल झाली. परभणीच्या डॉक्टरनं काट्यावर उभं केलं आणि चष्म्यावरून तिच्याकडं पाहिलं. पाच किलो उतरले होते, उपास न करता. "काय केलंत?"

"आदी जेवायलेय," ती म्हणाली. डॉक्टरला काही उमगलं नाही. "काय करताय ते असंच चालू ठेवा. उन्हाळा संपेपर्यंत आणखी एवढंच उतरलं की तारीख देतो."

त्या दिवशी लवकरची गाडी मिळाली. मनकर्णाबाई कुणाला न सांगता दुपारीच घरी पोचली. पुरुष शेतात होते, तानुबाई झोपली होती. स्वयंपाकघराच्या दारात ती थबकली. विमल चुलीशी उभी होती. डाव्या हातात पातेलं, उजव्या हातात भाकरीचा तुकडा. कडेकडेनं, अंगठा दाबून, अगदी तसंच.

"काय करायलीस गं?"

विमल दचकली. "काय न्हाई, आत्या. भांडं निपटायलेय."

"जेवलीस न्हाई का?"

"जेवले की. मघाच." मग ती हसली. "तुमी उतरायलाव आन् म्या चढायलेय. माय म्हनली परवा, सासरचं पानी मानवलं म्हनं."

मनकर्णाबाईनं तिच्याकडं नीट पाहिलं. विमलची चोळी काखेत उसवून पुन्हा शिवलेली होती. मनकर्णाबाई चुलीशेजारी खाली बसली. बसच्या प्रवासानं नाही, पण एकाएकी फार थकवा आला.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पीठ कमी मळायला घेतलं. उरायलाच नको. दोन दिवस बरोबर जमलं. तिसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळी सूर्यभानचे दोन पाहुणे आले, आणि विमलला पुन्हा चूल पेटवावी लागली. सूर्यभाननं रात्री दुरडीत डोकावून पाहिलं. तशीही दुरडी कधी पूर्ण रिकामी ठेवायची नाही, रात्री चतकोर तरी तिच्यात असावी, हा तानुबाईचा दंडक होता. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून सरकारनं वाटलेल्या सुकडीवर दिवस काढलेली बाई. तिला रिकामी दुरडी बघवत नव्हती. चतकोर ठेवायची म्हणून अर्धी राहायची, आणि सकाळी ती शिळी असायची.

एकदा मनकर्णाबाईनं ती शिळी अर्धी दारातल्या कुत्र्याला टाकली. तानुबाई काठी टेकत उठली, कुत्र्याला हाकललं, भाकरी उचलली, पदरानं पुसली आणि दात नसलेल्या तोंडात चघळत बसली.  त्यानंतर कुत्र्याचं नाव काढायची सोय राहिली नाही.

मग तिनं नवऱ्याच्या ताटात शिळी वाढून पाहिली. सूर्यभान तसा कधी जेवणावरून चिडणारा माणूस नव्हता. त्यानं भाकरी बोटानं दाबली. "ही कालची हाय का?"

"हाय. आज तुमी खा."

"भुजंगाला दे की."

"भुजंगाला शिळं दिल्यावर त्यो ऱ्हाईल का सालभर?"

"मग..." सूर्यभान अडला.  त्यानं ती भाकरी मुकाट्यानं खाल्ली, अर्धी. उरलेली ताटाच्या कडेला सरकवून हात धुतला. विमल ताट उचलायला आली. मनकर्णाबाईनं ते तिच्या आधी उचललं, चुलीशी नेलं, आणि उभ्या उभ्या ती कडेची अर्धी स्वतः खाऊन टाकली.

असं पंधरा-वीस दिवस चाललं. ताटातलं आधी जेवायचं आणि उरलेल्यातलं अर्धं विमलच्या हातातून काढून घ्यायचं. विमल सोडत नव्हती. "आत्या, तुमचं ऑपरेशन हाय. द्या इकडं." "तुला लेकरं व्हायचीत अजून. तू दे." दोघी एका पातेल्याला धरून बोलायच्या, आणि उद्धव दारातून जाता जाता म्हणायचा, "काय भांडनं चालल्यात?"

वैशाखात एका दुपारी गाठ आत गेली नाही. मनकर्णाबाई पाठीवर पडून राहिली, पाय जवळ घेतले, हातानं हळूहळू दाबत राहिली. घामानं उशी भिजली. विमल पंख्यानं वारा घालत होती, तानुबाई देवाची नावं घेत होती, सूर्यभान बैलगाडी जुंपायला पळाला होता. तो परत येईपर्यंत गाठ सरकली. पण सगळ्यांचे चेहरे उतरलेले होते.

संध्याकाळी भाकऱ्या होत आल्यावर विमलनं पहिली भाकरी ताटात ठेवून ते सासूपुढं सरकवलं. मनकर्णाबाईनं दुसरं ताट ओढलं आणि दुसरी भाकरी त्यात ठेवली. "तूबी बस."

"मग भाकरी कोन टाकील?"

"आठ-धा टाकल्यात. तेवढ्या पुरतील. न्हाई पुरल्या तर मागून टाकू."

विमलनं तानुबाईकडं पाहिलं. तानुबाई खांबाला टेकून दोन्ही ताटांकडं बघत होती.  विमल अंग चोरून बसली. दोघी जेवल्या.  दोघींनी हात धुतले, पुरुषांना वाढलं, आणि ते उठल्यावर पातेल्यात वरण उरलं, दुरडीत भाकरी उरली, उद्धवच्या ताटात भात उरला. दोघी त्याच्याकडं बघत बसल्या. कुणीच हात पुढं केला नाही. तानुबाईनं मात्र उठायला काठी हातात घेतली होती.

पुढच्या महिन्यात हेमा परीक्षा संपवून येणार होती. ती आल्या आल्या तिला काय विचारायचं, हे मनकर्णाबाईनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं. पोरी, तुझं ऐकलं. म्या आदी जेवले, आता विमलबी आदी जेवंल. मग जे उरतंय, ते खायचं कुनी?