पळस कोणाचा

आमच्या गावात कुणाकडे सोयरीक जमायची असली की त्या दिवशी उत्तमरावाला शेतावर पाठवून देत. पाहुण्यांनी त्याला वाटेत गाठून "पोरगं कसं आहे हो?" असं विचारलं, तर हा माणूस खरं सांगेल ही धास्ती. एकदा त्यानं सांगितलंही होतं. "पोरगं चांगलं हाय," तो म्हणाला, "सकाळच्या पारी." पाहुणे पुसेगावच्या फाट्यावरूनच माघारी गेले. तो नवरदेव अजून बिनलग्नाचा आहे आणि अजूनही सकाळच्या पारी चांगला असतो.

पंगतीत वाढप्यानं कौतुकाच्या आशेनं "वरण कसं झालं?" म्हणून विचारावं, तर उत्तमराव शांतपणे म्हणायचा, "मीठ ऱ्हायलं." थोडंसं खोटं बोलल्यानं माणूस मरत नाही, हे त्याला शाळेच्या गुरुजींनीसुद्धा समजावून पाहिलं. गुरुजींनी हे असं समजवावं यातच सगळं आलं.

पण गावाला त्याची गरजही तेवढीच. भांडण मिटेना झालं की दोन्हीकडचे म्हणायचे, "उत्तमरावाला बेल उचलू द्या." महादेवाच्या पिंडीवरचं बेलाचं पान आणि चिमूटभर भंडारा तळहातावर घेऊन तो जे सांगेल ते खरं. मग कोणी चकार शब्द काढत नसे. हिंगोलीच्या वकिलांच्या पोटावर या माणसानं वीस वर्षं पाय दिला.

त्याचा एकच दोस्त, जगन. दोघांकडे एकेक बैल. एका बैलानं नांगरट होत नाही, म्हणून दोघांची सावड. उत्तमरावाचा पाखऱ्या आणि जगनचा मुंगळ्या एका जुवाला. आज याचं रान, उद्या त्याचं. न्याहारीची फडकी एकाच झाडाखाली सुटायची. अशी अठ्ठावीस वर्षं गेली. बैल बदलले, नावं तीच राहिली. जगन बोलायचा आणि उत्तमराव ऐकायचा. जगनच्या दहा वाक्यांतली नऊ थापा असत आणि दहावं वाक्य उसनं. पण जगाला टोकणाऱ्या या माणसानं जगनला कधी टोकलं नाही. त्याची बायको सखुबाई म्हणायची, "माह्या वरणातलं मीठ बराबर दिसतं तुमाला. जगनभावजीच्या थापा न्हाई दिसत."

पुढं त्याच थापांच्या जोरावर जगन सरपंच झाला. दारात ट्रॅक्टर आला, अंगात पांढरा सदरा आला आणि मुंगळ्या बाजारात गेला. उत्तमरावाकडे उरला एक बैल. गावात भाड्याचे ट्रॅक्टर झालेले, एका बैलाशी सावड करणार कोण? त्याच वर्षी सखुबाई गेली. लेक शिवकन्या डोंगरकडा गावी दिलेली. तिचा फोन रविवारी यायचा आणि "जेवला का?" "जेवलो" एवढ्यावर संपायचा.

मग उत्तमराव काम नसताना एस.टी.नं हिंगोलीला जाऊ लागला. एकदा कंडक्टरनं विचारलं, "काय काम काढलं, बाबा?"

"काम काई न्हाई. जरा माणसात बसून येतो."

कंडक्टर हसला. त्याला वाटलं, बाबा मोठा विनोदी आहे.

अशी दोन वर्षं गेली. मग पळसाचं भांडण निघालं. जगनच्या आणि रुख्मिणीबाईच्या रानांमध्ये धुरा, म्हणजे हद्दीचा बांध, आणि धुऱ्याजवळ एक जुना पळस. तो पळस रुख्मिणीबाईच्या रानातला. तिथली वीस हात पट्टी डांबरी रस्त्याला लागलेली, म्हणून जगनला ती हवी होती. धुऱ्याचा दगड ट्रॅक्टरखाली कुठं गेला ते ट्रॅक्टरलाच ठाऊक. रुख्मिणीबाईचा नवरा चार वर्षांपूर्वी वारलेला. सरकारी मोजणी आणायची, तर अर्ज करा, खेटे घाला. ती म्हणाली, "मला मोजणी न्हाई पायजे. उत्तमदादाला बेल उचलू द्या. त्यायनं जल्मभर त्या रानात औत धरलं. ते म्हनतील ते मला कबूल."

जगननं चावडीवर सगळ्यांदेखत मान हलवली. "मलाबी कबूल."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो उत्तमरावाच्या दारात उभा राहिला.

"उत्त्या! हायस का मेलास?"

दोन वर्षांत त्याला कोणी 'उत्त्या' म्हणालं नव्हतं. त्या नावानं हाक मारणारं दुसरं माणूसच जगात उरलं नव्हतं. उत्तमरावानं घोंगडी झटकली, पुन्हा झटकली, चहात साखर दोनदा टाकली. जगननं तो चहा "वा!" म्हणून प्यायला. मग जुन्या गोष्टी निघाल्या. मुंगळ्या औतासकट विहिरीकडे पळाला होता ती, जगन झाडावरून पडला होता ती. जगननं सासऱ्याला थाप मारली होती ती तर दोनदा. उत्तमराव डोळे पुसून पुसून हसला. दीड तास झाला, तेव्हा जगन म्हणाला,

"त्या पळसाचं तेवढं बघ."

उत्तमरावानं रिकामी कपबशी बाजूला सारली. मग म्हणाला, "पळस तिचा हाय, जगन."

"मला काय ठाव न्हाई? आरं, तिला लेकरू न्हाई, बाळ न्हाई. काय करती रस्त्याची पट्टी घेऊन? एका वाक्याचं तर काम हाय. आन् मी येत जाईन की असाच. काहून एकला बसून राहतोस?"

सरपंचानं पैसे दिले नाहीत, धमकी दिली नाही. गावातला सगळ्यात महागडा शब्द त्यानं दीड तासाच्या गप्पांत घेतला. सौद्याला तो पहिल्यापासून पक्का.

सोमवारी देवळासमोर गाव जमलं. उत्तमरावानं तळहातावर पान घेतलं. भंडारा सदऱ्यावर सांडला. लोक म्हणाले, म्हातारा थकला.

"पळस जगनच्या रानातला," तो म्हणाला.

रुख्मिणीबाई भांडेल, शिव्या देईल, असं त्याला वाटलं होतं. कदाचित तशी आशाही असेल. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "मंग माहंच ध्यान चुकलं. तकलीफ दिली तुमाला, दादा." आणि वाकून त्याच्या पाया पडली.

त्या आठवड्यात उत्तमरावानं रोज दुपारी घोंगडी झटकली. पुढच्या आठवड्यातही. जगन आला नाही. एकदा चावडीपुढं भेटला, तेव्हा चार माणसांत हात वर करून म्हणाला, "काय उत्तमराव, बरं हाय ना?" आणि पुढं गेला. आपला खोटेपणा ज्याला पक्का ठाऊक आहे, अशा माणसाशेजारी कोण बसेल?

तीन आठवड्यांनी उत्तमराव रुख्मिणीबाईच्या दारात गेला. ती सुपात डाळ पाखडत होती.

"रुख्मिणबाई, मी खोटं बोललो. पळस तुहा हाय. तुहा मालक धरत व्हता, तोच धुरा खरा."

सूप थांबलं नाही. "कोन्हं सांगतलं तुमाला असं म्हनायला?"

"कोन्हंच न्हाई."

"मंग माही दया येऊन राहिली तुमाला. दयेपायी मानूस काईबी बोलतं, दादा. बेलावर न्हाई बोलत. तुमी तर न्हाईच."

"बोललो म्हणतो ना मी! चल देवळात. आत्ता दुसऱ्यांदा बेल उचलतो."

तिनं सूप खाली ठेवलं आणि पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"मंग कोनचा बेल खरा धरू मी?"

देवळाकडे वळलेला उत्तमराव जागीच थांबला. साऱ्या जन्मात त्याला हे कोणी विचारलं नव्हतं.

"ह्यायनं मरायच्या आदी मला हात धरून धुरा दाखवला व्हता," ती म्हणाली. "तुमी बेल उचलला तवा मला वाटलं, मरतानाबी खोटं बोलले. लई राग आला. भितीवरला फोटो काढून पेटीत टाकला मी त्यायचा. आता तुमी म्हनता, ते खरे व्हते. तवाबी तुमीच म्हनले, आताबी तुमीच."

"तो फोटो तेवढा लाव, माय."

"लावते," ती म्हणाली, आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

तो उंबऱ्याशी उभा राहिला. या खेपेला पाया पडायला ती उठली नाही.